अक्ष कोठे मांडावा? धाराशिवचे आकडे आणि आलेखाची अक्षरजुळणी

आलेखाचा आडवा अक्ष कोठे काढावा, हा प्रश्न शाळेतल्या आलेख कागदावर कोणाला पडत नाही, कारण पाठ्यपुस्तकाने तो आधीच सोडवून दिलेला असतो: कागदाच्या मध्यभागी एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा, त्यांच्या छेदनबिंदूला आरंभबिंदू हे नाव, आडवी रेषा क्ष-अक्ष, उभी रेषा य-अक्ष, भोवती चार चरण आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलेले प्रमाण. पुढे वर्तमानपत्रात, शासकीय अहवालात किंवा प्रबंधात जे आलेख दिसतात त्यांत हा ‘अधिक’ चिन्हाचा आकार बहुधा नाहीसा झालेला असतो आणि आडवा अक्ष चित्राच्या तळाशी, उभा अक्ष डाव्या कडेला जाऊन बसलेला असतो. ही जागा आलेख काढणाऱ्याने विचार करून निवडलेली असतेच असे नाही. पुष्कळदा ती संगणकाने परस्पर निवडलेली असते. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या निवडीला विशेष महत्त्व आहे, कारण या जिल्ह्याबद्दल ज्या आकड्यांची चर्चा वर्षभर चालते, म्हणजे पावसाची तूट, धरणातील साठा, विहिरींची पाणीपातळी आणि लोकसंख्या, त्या प्रत्येकाचे शून्य वेगळ्या ठिकाणी आहे, आणि अक्ष त्या शून्याला सोडून भलतीकडे काढला तर आकडे खरे असूनही चित्र खोटे बोलते.

ज्या साधनाच्या आधारे हा विषय येथे मांडला आहे, त्याची ओळख आधी करून दिली पाहिजे. अक्षरजुळणी, म्हणजे छापावयाच्या पानावर अक्षरे, ओळी आणि चित्रे नेमक्या जागी बसवणे, हे काम पूर्वी जुळारी शिशाचे खिळे हाताने रचून करीत. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पसंत पडली नाही आणि त्यातून त्यांनी १९७७-७८ च्या सुमारास ‘टेक’ ही संगणकीय अक्षरजुळणीची प्रणाली घडवली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ‘लाटेक’ हा वापरायला सोपा थर चढवला. या प्रणालीत माउसने ओढून काहीही बसवायचे नसते. पानावर काय, कोठे आणि कसे यावे, हे आज्ञांच्या रूपात लिहून द्यायचे असते आणि संगणक त्याबरहुकूम पान तयार करतो. चित्रे काढण्यासाठी जर्मनीतील टिल टान्टाऊ यांनी ‘टिक्झ’ ही आज्ञावली रचली आणि तिच्या पायावर क्रिस्टियान फॉइअरझेंगर यांनी खास आलेखांसाठी ‘पीजीएफप्लॉट्स’ तयार केली. पुढील विवेचन याच शेवटच्या आज्ञावलीबद्दल आहे. तिच्यातील आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

पीजीएफप्लॉट्समध्ये आलेखाची प्रत्येक बाब एका ‘किल्ली’ने ठरते. किल्ली म्हणजे एखाद्या गुणधर्माचे नाव, आणि बरोबरीच्या चिन्हापुढे तिला दिलेली ‘किंमत’ म्हणजे त्या गुणधर्माबद्दलचा निर्णय. अक्षांच्या जागेसाठीची मुख्य किल्ली ‘अ‍ॅक्सिस लाइन्स’ ही आहे. ती लिहिलीच नाही तर आज्ञावली ‘बॉक्स’ ही किंमत गृहीत धरते आणि आलेखाभोवती चारही बाजूंनी चौकट येते. ‘मिडल’ ही किंमत दिली तर दोन्ही अक्ष शून्यातून जातात आणि शाळेतला ओळखीचा आकार परत मिळतो. दोन्ही अक्षांचा निर्णय वेगवेगळा करायचा असेल तर आडव्यासाठी ‘अ‍ॅक्सिस एक्स लाइन’ आणि उभ्यासाठी ‘अ‍ॅक्सिस वाय लाइन’ अशा दोन स्वतंत्र किल्ल्या आहेत. आडव्याला वर, मध्ये किंवा तळाशी आणि उभ्याला डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे बसवता येते, किंवा अजिबात लपवताही येते. चौकटीबाहेरचे हे पर्याय वापरले की रेषेच्या टोकाला बाण येतो, कारण गणिताच्या पुस्तकांत तशी प्रथा आहे. पण वर्ष किंवा महिना दाखवणाऱ्या अक्षाला बाण शोभत नाही, आणि तो नको असेल तर किल्लीच्या नावापुढे तारांकन लावावे लागते. तारांकित किल्ली फक्त रेषेची जागा बदलते आणि बाण, अक्षाच्या नावाची जागा, खुणांची मांडणी या बरोबरीने बदलणाऱ्या गोष्टींना हात लावत नाही. ‘मिडल’बद्दल एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते: आलेखाच्या व्याप्तीत शून्य येतच नसेल, उदाहरणार्थ सगळे आकडे ५०० ते ९०० च्या दरम्यान असतील, तर अक्ष शून्यातून जाऊ शकत नाही आणि तो जवळच्या कडेला चिकटतो. मधोमध अक्ष मागूनही तो तळाशी का आला, याचे कारण हे असते.

आता पावसाकडे वळू. धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. मोसमी वारे घाट ओलांडताना बरेच पाणी पश्चिमेला टाकून येतात आणि येथे पोहोचेपर्यंत त्यांच्यापाशी थोडेच उरते. त्यामुळे येथे एकूण किती मिलिमीटर पाऊस पडला यापेक्षा सरासरीच्या किती खाली किंवा वर पडला, हा प्रश्न अधिक विचारला जातो. सरासरीपासूनच्या या फरकाला विचलन म्हणतात आणि भारतीय हवामान विभाग ते टक्क्यांत देऊन त्याच्या श्रेणी करतो: उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस सरासरीइतका, अधिक २० ते ५९ म्हणजे जास्त, ६० आणि त्यापुढे खूप जास्त, उलट दिशेने उणे २० ते ५९ म्हणजे तूट, उणे ६० ते ९९ म्हणजे मोठी तूट आणि उणे १०० म्हणजे पाऊसच नाही. या मोजपट्टीचा विशेष असा की तिला तळ आहे पण छत नाही. शंभर टक्क्यांहून अधिक तूट असूच शकत नाही, मात्र अतिरेकाला तशी मर्यादा नाही.

समजा, एखाद्या महसूल मंडळाचे चार महिन्यांचे विचलन असे आहे: जून उणे ३५, जुलै अधिक १२, ऑगस्ट उणे ४८, सप्टेंबर अधिक ६४. हे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण त्यांची ठेवण मराठवाड्यातील वाचकांना अनोळखी वाटणार नाही: पेरणीच्या वेळी ओढ, मधेच खंड आणि काढणीला आलेल्या सोयाबीनवर शेवटी धो-धो पाऊस. याचा स्तंभालेख चौकटीत काढला तर आडवा अक्ष तळाशी जातो. महिन्यांची नावेही तळाशी येतात आणि स्तंभ मात्र मधल्या कुठल्यातरी अदृश्य रेषेपासून वर-खाली जाताना दिसतात. ती अदृश्य रेषा म्हणजेच सरासरी, आणि ज्या गोष्टीशी तुलना चालली आहे तीच चित्रात नसावी हे बरोबर नाही. म्हणून पहिला उपाय सुचतो तो आडव्या अक्षाला ‘मिडल’ करण्याचा. येथे ‘अ‍ॅक्सिस लाइन्स’ ही एकच किल्ली न वापरता आडव्याला ‘मिडल’ आणि उभ्याला ‘लेफ्ट’ असे वेगळे सांगावे, कारण उभ्या अक्षाला शून्यातून जाण्याचे काही कारण नाही. महिन्यांमध्ये ‘शून्यावा महिना’ नसतो.

या उपायाने सरासरीची रेषा दिसू लागते, पण लगेच दुसरी अडचण उभी राहते. महिन्यांची नावे अक्षासोबत वर येऊन त्याच्या खाली टांगली जातात, आणि जून व ऑगस्टचे स्तंभ तर अक्षापासून खालीच लोंबत असतात. त्यामुळे ‘जून’ आणि ‘ऑगस्ट’ ही अक्षरे स्तंभांच्या अंगावर छापली जातात आणि तुटीच्या महिन्यांचीच नावे वाचता येत नाहीत. अक्षरे पांढरी करणे, स्तंभ फिका करणे, नाव तिरके करणे असे तात्पुरते उपाय पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही समाधानकारक नाही. जास्त शहाणपणाचा मार्ग हा की महिन्यांची नावे तळाशीच ठेवावीत, म्हणजे आडवा अक्ष तारांकित किल्लीने ‘बॉटम’ करावा, आणि सरासरीची रेषा स्वतंत्रपणे काढावी. त्यासाठी ‘एक्स्ट्रा वाय टिक्स’ ही किल्ली आहे: उभ्या अक्षावर नेहमीच्या खुणांखेरीज आणखी एक खूण शून्यावर करावी, तिच्या शैलीत आडवी जाळीरेषा चालू करावी, ती इतर रेषांपेक्षा जाड ठेवावी आणि तिच्याजवळ ‘सरासरी’ असा शब्द लिहावा. रेषेची जागा आणि नावांची जागा या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे एकदा लक्षात आले की अक्षांच्या बहुतेक अडचणी सुटतात. उभ्या अक्षावरच्या खुणाही या वेळी ५०, १०० अशा गोल आकड्यांवर न ठेवता उणे ६०, उणे २०, शून्य, अधिक २०, अधिक ६० अशा श्रेणींच्या सीमांवर ठेवल्या तर ऑगस्टचा स्तंभ ‘तुटी’त थांबतो आणि सप्टेंबरचा ‘खूप जास्त’ मध्ये शिरतो, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

धरणाच्या साठ्याचे शून्य पावसाच्या शून्याहून वेगळ्या जातीचे आहे. सरासरी ही हिशेबातून निघालेली कल्पना आहे, तर धरणातले शून्य भिंतीत बोटाने दाखवता येते. ज्या उंचीवरच्या दरवाजातून किंवा मोरीतून पाणी बाहेर सोडता येते, त्या पातळीच्या वरचे पाणी कालव्यात आपोआप जाऊ शकते आणि त्याला उपयुक्त किंवा जिवंत साठा म्हणतात. त्याखाली राहते ते मृत साठा. घराच्या बांधकामातला जोते हा शब्द मराठीने या पातळीला दिला, आणि उन्हाळ्यात ‘प्रकल्प जोत्याखाली’ ही बातमी तेरणा-मांजरेच्या खोऱ्यात कोणालाही समजावून द्यावी लागत नाही. धाराशिव शहराला ज्या जलाशयातून नळयोजनेने पाणी आणले जाते ते सोलापूर जिल्ह्यातील भीमेवरचे उजनी धरण या बाबतीत बोलके उदाहरण आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी सुमारे ५३.६ जिवंत आणि सुमारे ६३.६ मृत साठा आहे; म्हणजे जोत्याखालचे पाणी जोत्यावरच्या पाण्याहून अधिक आहे. साठ्याची टक्केवारी मात्र जिवंत साठ्याच्या प्रमाणात सांगण्याची रीत असल्यामुळे उन्हाळ्यात पंपांनी मृत साठा उपसला जाऊ लागला की उजनी ‘उणे’त गेली असे म्हणतात. या उण्याचा तळ कोठे, हे भागाकाराने काढता येते: ६३.६ ला ५३.६ ने भागले तर सुमारे १.१९ येते, म्हणून धरण पूर्ण कोरडे पडले तर आकडा उणे १०० नव्हे, उणे ११९ च्या आसपास असेल. आलेखाची खालची मर्यादा उणे १०० ठेवणाऱ्याने धरणाचा तळच कापून टाकला असे होईल.

येथे मधला अक्ष अगदी योग्य ठरतो. तारखांचा क्ष-अक्ष शून्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जोत्यावर, ठेवावा. साठ्याची रेषा त्याच्या वर असेल तोवर कालवा वाहू शकतो, खाली गेली की पंप लागतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याचे आणि धन-ऋण संख्यांचे नियम मांडले तेव्हा वापरलेला ‘ऋण’ हा शब्द कर्जाचा आहे, आणि उजनीच्या आलेखात तो शब्दशः खरा होतो: पावसाळ्यात आलेले पहिले पाणी उन्हाळ्यात काढलेले ऋण फेडण्यात जाते, रेषा खालून चढत जोत्याला भिडते आणि त्यानंतरच जिवंत साठा जमू लागतो. ही भेट ज्या तारखेला होते ती तारीख शेतकऱ्याला आणि नगरपालिकेला सारखीच महत्त्वाची असते, आणि अक्ष जोत्यावर असेल तरच ती एका नजरेत सापडते. तारखांची नावे मात्र येथेही तळाशी न्यावीत, नाहीतर रेषा त्यांच्यातून जाईल.

विहिरीचे शून्य वर आहे. विहिरीची खोली मोजण्याचे ‘परस’ हे जुने माप हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीइतके असून ते जमिनीपासून खाली मोजले जाते. सहा परस विहीर म्हटल्यावर कोणीही तळापासून वर मोजत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ठराविक महिन्यांत घेते तेव्हा तीही जमिनीपासून पाणी किती मीटर खाली आहे, याच रूपात नोंदवते. समजा, एका विहिरीत पाणी ऑक्टोबरमध्ये ३, जानेवारीत ५, मार्चमध्ये ७ आणि मेमध्ये १० मीटर खोल होते. हे आकडे संगणकाला जसेच्या तसे दिले तर तो १० ला सर्वांत वर ठेवतो, रेषा ऑक्टोबरपासून मेपर्यंत चढत जाते आणि घाईत पाहणाऱ्याला वाटते की उन्हाळ्यात विहिरीचे पाणी वर आले. आकड्यात चूक नाही, मथळ्यात चूक नाही, तरी चित्राने अर्थाच्या नेमके विरुद्ध सांगितले. असे आलेख दुर्मिळ नाहीत, आणि पाण्याविषयीच्या चर्चेत त्यांनी होणारे नुकसान किरकोळ मानता येणार नाही.

याचा उपाय दोन टप्प्यांचा आहे. ‘वाय डिर’ या किल्लीला ‘रिव्हर्स’ ही किंमत दिली की उभ्या अक्षावरचे आकडे वरून खाली वाढू लागतात. पण एवढ्यावर थांबले तर महिन्यांचा अक्ष तळाशीच राहतो, कारण पीजीएफप्लॉट्समध्ये आकड्यांची दिशा उलटली तरी अक्षांची आणि नावांची जागा उलटत नाही. तशी ती बांधलेली नसणे हे सोयीचेच आहे, परंतु ते ठाऊक असावे लागते. म्हणून ‘अ‍ॅक्सिस एक्स लाइन’ला वेगळेपणाने ‘टॉप’ सांगायचे आणि उभ्या अक्षाची किमान मर्यादा शून्य धरायची. असे केले की आलेखाची वरची रेषा म्हणजे जमीन, तिच्यावर महिन्यांची नावे आणि तिच्याखाली उतरत जाणारे पाणी, अशी रचना होते. या चित्राला समजावण्याची गरज उरत नाही. विहिरीच्या काठावरून खाली डोकावणाऱ्याला जे दिसते तेच कागदावर आलेले असते. ग्रामसभेत भिंतीवर लावायच्या आलेखासाठी याहून चांगली मांडणी सुचवणे कठीण आहे.

जमिनीखालच्या खोलीचे आणखी एक उदाहरण या भूभागाच्या सर्वांत दुःखद आठवणीशी जोडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजच्या धाराशिव) या दोन्ही जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली. लातूरकडील किल्लारी आणि उस्मानाबादकडील सास्तूर ही त्यांतली सर्वांना माहीत असलेली नावे. किल्लारीही १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होती. स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या पठाराखाली हे कसे घडले, याचा शोध घेण्यासाठी नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल विंधन घेण्यात आले. त्यात वरून ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या खडकाचा, थर लागला. त्याखाली ८ मीटर जाडीचा गाळाच्या खडकाचा थर आणि त्याखाली विंधनाच्या तळापर्यंत ग्रॅनाइटसारखा प्राचीन पायाभूत खडक. याचा स्तंभ १ सेंटिमीटरला ५० मीटर या प्रमाणात काढला तर बेसॉल्टला ६.७६ सेंटिमीटर, पायाभूत खडकाला ५.४२ सेंटिमीटर आणि मधल्या गाळाला जेमतेम १.६ मिलिमीटर जागा मिळते. आता ३३८ आणि ३४६ या दोन्ही खोल्यांच्या खुणा डाव्या अक्षावर मागितल्या तर दोन आकडे एकमेकांवर चढून वाचता न येणारा डाग पडतो. अक्ष हलवून हा प्रश्न सुटत नाही. ३३८ चा आकडा डाव्या अक्षावर ठेवून पातळ थराचे नाव आणि जाडी ‘पिन’ या सोयीने, म्हणजे बारीक रेघ बाहेर काढून तिच्या टोकाशी, लिहावी लागते. अशा पातळ थरासाठी प्रमाण बदलून तो फुगवून दाखवण्याचा मोह टाळावा, कारण तीनशे अडतीस मीटर काळ्या खडकाखाली केवळ आठ मीटर गाळ, ही विषमता हीच या स्तंभातली पाहण्यासारखी गोष्ट आहे.

लोकसंख्येचे शून्य मात्र खरोखरच शून्य असते, आणि नेमके तेच आलेखातून सर्वांत जास्त वेळा गायब होते. जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १४,८६,५८६ आणि २०११ मध्ये १६,५७,५७६ होती. दहा वर्षांतील वाढ साडेअकरा टक्के. या दोन आकड्यांचे दोन स्तंभ काढताना उभा अक्ष १४ लाखांपासून सुरू केला तर पहिल्या स्तंभाची दिसणारी उंची ८६,५८६ ची आणि दुसऱ्याची २,५७,५७६ ची होते, म्हणजे दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट दिसतो. स्तंभालेखात डोळा उंचीची तुलना करतो. उंची कापली की तुलनाच बिघडते. पीजीएफप्लॉट्समध्ये ‘वायबार’ प्रकारचे स्तंभ काढताना मर्यादा सांगितली नाही तर आज्ञावली ती आकड्यांच्या जवळपास स्वतः ठरवते आणि शून्य सोडून देऊ शकते, म्हणून अशा आलेखात ‘वायमिन = ०’ हे दर वेळी लिहिण्याची सवय लावून घ्यावी. रेषालेखाला हा नियम इतका कडक लागू होत नाही, कारण रेषेत डोळा उंचीपेक्षा चढ-उतार पाहतो. तेथे अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर ‘अ‍ॅक्सिस वाय डिसकंटिन्युइटी’ या किल्लीने उभ्या अक्षाच्या मुळाशी नागमोडी तुटक खूण करता येते आणि खालचा भाग वगळला आहे हे प्रामाणिकपणे सांगता येते.

डाव्या बाजूला पाऊस आणि उजव्या बाजूला तापमान असे दोन उभे अक्ष घेण्याची पद्धत भूगोलाच्या पुस्तकांत रूढ आहे आणि ती या आज्ञावलीत एकावर एक दोन आलेख रचून साधता येते: पहिल्याचा उभा अक्ष तारांकित किल्लीने डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, दुसऱ्याचा आडवा अक्ष लपवलेला आणि दोन्हींची आडवी व्याप्ती सारखी. तंत्र सोपे आहे. तरीही पाऊस आणि सोयाबीनचा भाव अशा दोन असंबद्ध मापांना एका चौकटीत बसवू नये, कारण दोन्ही प्रमाणे स्वतंत्रपणे ताणता येत असल्याने त्या दोन रेषा कोठे छेदाव्यात हे आकडे ठरवत नाहीत, काढणारा ठरवतो.

मराठीत हे सर्व छापताना आणखी एक अडचण येते, ती अंकांची. टेकमध्ये देवनागरी आणण्याचे काम डच अभ्यासक फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये केले. पुढे जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’मुळे युनिकोडमधील मजकूर थेट वापरता येऊ लागला आणि मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला ‘शोभिका’ यासारखा मुक्त टंक अक्षांच्या नावांना आता सहज लावता येतो. महिन्यांची नावे ‘एक्सटिकलेबल्स’ या किल्लीत सरळ देवनागरीत लिहिता येतात. आज्ञावली स्वतः मोजून छापते ते आकडे मात्र इंग्रजी अंकांत येतात, कारण ती त्यांना गणिताचा मजकूर समजते आणि गणिताचा टंक वेगळा असतो. अंकरूपाच्या मांडणीत ‘अझ्यूम मॅथ मोड’ ही किल्ली चालू केली तर आकडे साध्या मजकुराच्या टंकात येतात आणि त्या टंकावर देवनागरी अंकांची जुळणी लावता येते. परंतु मग पावसाच्या आणि उजनीच्या आलेखांतील उण्याचे लांब चिन्ह जाऊन त्याजागी शब्द जोडणारी आखूड रेघ येते, जी छोट्या अक्षरात दिसतही नाही. तूट दाखवणाऱ्या आलेखात उण्याचे चिन्हच हरवणे परवडणारे नाही. म्हणून जेथे खुणा पाच-सहाच आहेत तेथे ‘वायटिकलेबल्स’मध्ये ‘उणे ६०’, ‘उणे २०’, ‘सरासरी’, ‘अधिक २०’ असे शब्दच लिहून द्यावेत. ते वाचायलाही बरे आणि चुकायलाही जागा कमी.

शेवटची सूचना व्याप्तीबद्दल आहे. किमान आणि कमाल मर्यादा सांगितल्या नाहीत तर आज्ञावली दर वर्षीच्या आकड्यांप्रमाणे त्या बदलते, आणि गेल्या वर्षीचा व यंदाचा आलेख शेजारी ठेवून पाहणाऱ्याची फसगत होते. जिल्ह्याचे आलेख काढणाऱ्या शिक्षकांनी, अभियंत्यांनी आणि संशोधक विद्यार्थ्यांनी उजनीसाठी उणे १२० ते अधिक १००, विहिरीसाठी शून्य ते विहिरीचा तळ, अशा मर्यादा एकदा ठरवून आज्ञेत लिहून ठेवाव्यात आणि आकडे वेगळ्या धारिकेतून वाचून घ्यावेत. पुढच्या वर्षी फक्त आकड्यांची धारिका बदलावी लागते. अक्ष जोत्यावर ठेवला असेल तर तो जोत्यावरच राहतो.